खंडाळ्याच्या कार्यशाळेचा फॉर्म भरण्याआधी

प्राध्यापकहो, संशोधक विद्यार्थ्यांनो, त्यांना घाट चढवून पाठवणाऱ्या आईवडिलांनो, आणि कार्यशाळा भरवणाऱ्या संयोजकांनो, तुमच्याशी जरा घाईने बोलायचे आहे. पुढच्या कार्यशाळेची नोंदणी सुरू होण्याआधी बोलायचे आहे.

खंडाळा मुंबईला जवळ आणि पुण्यालाही जवळ. सकाळी गाडीत बसले की दुपारच्या सत्राला हजर. म्हणून निवासी कार्यशाळा, चर्चासत्रे, शिबिरे इथे भरतात. लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासून उभी आहे. बाहेरगावच्या माणसांनी इथे येऊन राहावे आणि शिकावे, याला या घाटमाथ्यावर शंभर वर्षे होऊन गेली. आता मात्र माणूस येण्याच्या महिनाभर आधी त्याची माहिती येते. नाव, जन्मतारीख, मोबाइल, घरचा पत्ता, आधार कार्डाचा फोटो, फी भरल्याचा स्क्रीनशॉट, रक्तगट, एखादा आजार, जेवण साधे की जैन, कोणत्या गाडीने येणार. आणि फॉर्मच्या अगदी तळाशी: अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, त्यांचे नाव, नाते आणि नंबर.

तो शेवटचा रकाना पुन्हा वाचा.

समजा, ही यादी भलत्याच्या हाती लागली. शुक्रवारी दुपारी तुमच्या घरी फोन वाजतो. बोलणारा तुमचे नाव घेतो, कॉलेजचे नाव घेतो, तुम्ही कोणत्या गाडीने निघालात तेही सांगतो. "वहिनी, सरांना घाटात अपघात झालाय. दवाखान्यात आगाऊ रक्कम भरायची आहे. या नंबरवर लगेच पाठवा." वहिनी आधी तुम्हालाच फोन लावतात. पण तुमची गाडी कर्जत सोडून बोगद्यांत शिरलेली असते. फोन लागत नाही. भोर घाटात रेंज जाते, हे आपल्याला माहीत आहे तसे चोरालाही माहीत आहे. पुढच्या पाच मिनिटांत ती बाई काय करील? पैसे पाठवील. तुमच्या माझ्या घरातले कोणीही पाठवील. याला भोळेपणा म्हणू नका. आपल्या माणसाच्या जिवासाठी कोणीही हेच करतो, आणि चोर नेमके त्यावरच जगतो.

म्हणून आज रात्री जेवताना घरात एवढे ठरवा. पैसे मागणारा फोन आला तर विचारायचा एक प्रश्न ठरवा, ज्याचे उत्तर फक्त घरच्यांना ठाऊक असेल. सासूबाईंना सांगा, मुलांना सांगा. ज्याचा नंबर फॉर्मवर देता, त्याला तो दिल्याचे कळवा. आणि संयोजकांना कळवा की घरचा नंबर मी तिथे आल्यावर कागदावर लिहून देईन. कोणताही शहाणा संयोजक याला नाही म्हणणार नाही.

२०२०ची टाळेबंदी आठवा. कॉलेजे बंद होती आणि वेबिनारांना ऊत आला होता. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी प्रश्नमंजूषा. चाळीस टक्के गुण मिळाले की ई-प्रमाणपत्र हजर. पदोन्नतीच्या फायलीत घालायला प्रमाणपत्रे लागत होती आणि घरात बसून दुसरे करण्यासारखे फारसे नव्हतेही, त्यामुळे आपण सगळ्यांनी फॉर्मामागून फॉर्म भरले. त्यात कोणाला हसायचे कारण नाही, शिकायची हौस होती म्हणूनच भरले. पण त्या फॉर्मांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले का? ते कुठे गेलेले नाहीत. ज्याने फॉर्म बनवला त्याच्या खात्यात ते तसेच पडून आहेत. आणि ते खाते अनेकदा कॉलेजचे नसते. ते असते विभागातल्या सगळ्यात तरुण, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचे, स्वतःच्या खासगी ईमेलवर उघडलेले. कारण 'हे कॉम्प्युटरचे तुम्हीच बघा' असे सगळ्यांनी त्यालाच सांगितलेले असते. दुसऱ्या वर्षी त्याला तासिका मिळत नाहीत. तो दुसऱ्या गावी जातो. शेकडो माणसांची यादी त्याच्याबरोबर जाते, त्याच्या ध्यानीमनीही नसते. त्याचा पासवर्ड एक दिवस फुटला की ती यादी कोणाचीही.

तुम्ही तो तरुण प्राध्यापक असाल, तर तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण आज तुमच्याइतके हे काम दुसऱ्या कोणालाही करता येणार नाही. खाते उघडा. २०२०, २०२१ अशी वर्षे टाकून शोधा. जुने फॉर्म काढा, त्यांचे तक्ते काढा, लोकांनी जोडलेले आधारचे फोटो आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट काढा. हिशेबासाठी किंवा मूल्यांकनासाठी जे खरोखर ठेवावे लागते, तेवढे कॉलेजच्या खात्यात हलवा. बाकीचे पुसा. कचरापेटीतूनही पुसा, कारण पुसलेली फाइल काही दिवस तिथेच बसलेली असते. एका दुपारचे काम आहे.

यादी बाहेर गेली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. एप्रिल २०२३ मध्ये लोकसेवा आयोगाची अराजपत्रित गट ब आणि गट क संयुक्त पूर्वपरीक्षा ३० तारखेला होती. तिच्या काही दिवस आधी टेलिग्रामवरच्या एका चॅनेलवर उमेदवारांची प्रवेशपत्रे झळकली. नव्वद हजारांहून अधिक. प्रश्नपत्रिकाही आपल्याकडे आहे, असा दावा त्या चॅनेलने केला. आयोगाला खुलासा करावा लागला की बाहेरच्या लिंकवरून फक्त प्रवेशपत्रे गेली, प्रश्नपत्रिका फुटलेली नाही. परीक्षा ठरल्या दिवशी झाली. पण ते दिवस आठवा. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चौघे राहून, डबा खाऊन वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या पोरांच्या पोटात तेव्हा गोळा आला होता. त्यांच्या आईवडिलांच्याही. एवढ्या मोठ्या आयोगाच्या बाबतीत हे घडते, मग साध्या तक्त्यावर चालणाऱ्या आपल्या कार्यशाळेची काय कथा?

तक्त्याचेच घ्या. संयोजक चौघांत तो वाटतात. प्रत्येकाला परवानगी देत बसायला वेळ नसतो, म्हणून 'लिंक असलेल्या कोणालाही' असे करून टाकतात. लिंक समितीच्या ग्रुपवर जाते. तिथून जेवणाच्या कंत्राटदाराकडे जाते, त्याला फक्त ताटांचा आकडा हवा असतो. तिथून बसवाल्याकडे, बंगल्याच्या केअरटेकरकडे. आता त्या यादीत कोण कोण डोकावले, हे देवालाच ठाऊक. पुढे निवड झालेल्यांची यादी पीडीएफ करून सगळ्यांसाठी टांगली जाते, नावापुढे मोबाइल नंबर तसेच ठेवून. कार्यशाळा तीन दिवसांची असते. ती पीडीएफ पाच वर्षांनीही शोधली की सापडते.

आणि त्या यादीत मुली असतात. एम.ए.च्या, पीएच.डी.च्या. खोलीवाटपाचा कागद दारावर चिकटवलेला असतो: नाव, खोली क्रमांक, मोबाइल. कोणीतरी येता जाता त्याचा फोटो काढतो. नंतर रात्री-अपरात्री अनोळखी नंबरवरून 'हाय' येते, ब्लॉक केले की दुसऱ्या नंबरवरून येते. यातल्या कितीतरी मुली घरी सांगत नाहीत, कारण सांगितले तर पुढच्या वेळी पाठवणार नाहीत, अशी त्यांना भीती असते. एका आगाऊ कागदापायी एका हुशार मुलीचे शिकणे अडते. संयोजकांनो, तुम्हालाही मुली आहेत, बहिणी आहेत. तो कागद आजच्या आज खाली काढा. खोलीची किल्ली हातात द्या, क्रमांक तोंडी सांगा. यादीत नाव आणि कॉलेज पुरे. जेवणवाल्याला फक्त आकडा द्या.

संयोजकांकडे आणखी एक मागणे आहे. फॉर्म बनवताना प्रत्येक रकान्यापुढे थांबा आणि विचारा, हे नसेल तर कार्यशाळा अडेल का? जन्मतारखेवाचून अडते का? आधारवाचून अडते का? आजार विचारता, तो वाचणार कोण, आणि रात्री दोन वाजता कोणाला दम लागला तर तो तक्ता उघडून कोण बघणार आहे? त्यापेक्षा जवळचा दवाखाना आणि गाडीची सोय ठरवून ठेवा आणि लिहा, 'काही त्रास असेल तर आल्यावर आम्हाला सांगा.' फॉर्मच्या डोक्यावर तीन ओळी टाका, साध्या मराठीत. ही माहिती कशासाठी घेतो. कोण पाहणार. कोणत्या तारखेला पुसणार. खाली एका माणसाचे नाव द्या, ज्याला विचारता येईल. आणि ती तारीख आली की पुसा. विसरू नका.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फारशा लोकांच्या ध्यानात येत नाही. कार्यशाळेचे संकेतस्थळ नुसते पाहायला गेलात, एक अक्षर भरले नाहीत, तरी तिथे तुमची खूण उरते. तुमच्या जोडणीचा आयपी पत्ता, वेळ, कोणता फोन, हे सगळे सर्व्हरवर नोंदले जाते. इतके तर चालायचेच. पण पान सजवायला कोणी परकी अक्षरे (फॉन्ट), नकाशा किंवा व्हिडिओ जोडला असेल, तर तुमचा आयपी पत्ता त्या परक्या कंपनीकडेही जातो. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एका संकेतस्थळाच्या मालकाला एवढ्याच कारणावरून १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्याने गूगलची अक्षरे जोडली होती आणि पाहणाऱ्याचा आयपी पत्ता न विचारता गूगलकडे गेला होता. रक्कम किरकोळ होती, पण कार्यशाळेला युरोपातले पाहुणे बोलावणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. आणि कार्यशाळा संपली की ते संकेतस्थळ नीट बंद करा. वर्षाचे शुल्क भरायला सगळे विसरतात, नाव सुटते, कोणीतरी ते विकत घेतो. मग तुमच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसते आणि त्या पत्त्यावर येणारे ईमेलही नव्या मालकाकडे जाऊ शकतात.

यावर काही जण म्हणतील, एवढे काय त्यात, आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय? माझे म्हणणे वेगळे आहे. लपवायचे काही नसले तरी दाराला कडी असते. आणि ही कडी, म्हणजे खासगीपणा, या देशात मूलभूत हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने तसे सांगितले. त्यातले मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड मूळचे मावळाला लागून असलेल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरच्या घराण्यातले. आणीबाणीतल्या १९७६च्या ज्या निकालात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड बहुमताच्या बाजूने होते, तो निकाल मुलाने या खटल्यात स्पष्ट शब्दांत चुकीचा ठरवला. घरातल्या थोरल्याची चूकही दुरुस्त करता येते, तर आपल्या कॉलेजची जुनी सवय मोडायला कसला संकोच?

त्या निकालानंतर कायदाही आला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू करायचे त्यात ठरले. कायदा सांगतो ते सरळ आहे. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा. संमती मोकळेपणाने घ्या, आणि ती द्यायला जितकी सोपी तितकीच मागे घ्यायलाही सोपी ठेवा. सूचना मराठीत मागितली तर मराठीत द्या. काम संपले की पुसा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या. माहिती सुरक्षित ठेवली नाही तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. इतकी रक्कम कोणत्या कॉलेजाला भरावी लागेल, असे मला वाटत नाही. पण कायद्याची तारीख येईपर्यंत थांबायचे कशाला? चोर तारीख पाहून येत नाही.

अकरावी-बारावीच्या मुलांना विज्ञान शिबिराला पाठवणाऱ्या पालकांनो, फॉर्म मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. शेजारी बसा. शाळेचे नाव, राहत्या सोसायटीचे नाव, आईवडिलांचे पगार असे रकाने दिसले तर विचारा, हे कशाला? विचारायला लाजू नका. उत्तर नीट आले नाही तर तो रकाना कोरा सोडा.

आता खंडाळा-लोणावळ्यातल्या तुम्हा गावकऱ्यांसाठी. लॉजवाले, बंगलेवाले, केअरटेकर दादा, कार्यशाळेची माणसे तुमच्याकडेच उतरतात. ओळखपत्र पाहणे, नोंद ठेवणे तुम्हाला भागच आहे, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणेही भाग आहे. ते करा. पण आधारचे फोटो तुमच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे का राहू देता? तो फोन उद्या भुशी धरणावर पडला, दुरुस्तीला गेला, पोराच्या हातात गेला, तर? महिन्यातून एकदा फोन उघडा आणि पाहुण्यांची कागदपत्रे काढून टाका. नोंदवही कपाटात ठेवा, काउंटरवर उघडी टाकू नका. तुमच्याकडे पाहुणा विश्वासाने झोपतो. त्याच्या कागदांनाही तेवढाच आसरा द्या.

आणि पाहुण्यांनो, आधार मागितले की झाकलेले (मास्क्ड) आधार द्या. त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ते आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने हेच सांगितले होते: हॉटेले, चित्रपटगृहे अशांना प्रती देत सुटू नका. गैरसमज होतील म्हणून दिल्लीतल्या केंद्र सरकारने ते पत्रक दोन दिवसांत मागे घेतले आणि नेहमीची सावधगिरी बाळगा एवढेच सांगितले. पत्रक गेले, झाकलेल्या आधारची सोय राहिली आहे. ती वापरा. ओळख पटवायला ड्रायव्हिंग लायसन्स चालत असेल तर ते दाखवा. फीचा स्क्रीनशॉट मागितला तर खात्यातली शिल्लक कापून, फक्त व्यवहाराचा क्रमांक दिसेल असा द्या. आणि कार्यशाळा संपून घरी पोहोचलात की आभाराच्या पत्राखाली एक ओळ लिहा: 'माझी माहिती आता लागत नसेल तर कृपया पुसावी आणि पुसल्याचे कळवावे.' आभारही मानले जातील आणि आठवणही होईल. दहा जणांनी लिहिले तर संयोजक ऐकतील. पन्नास जणांनी लिहिले तर पुढच्या वर्षीचा फॉर्मच लहान होईल.

तरीही एखादा फोन आलाच, पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा. पहिला तास महत्त्वाचा, कारण पैसे पुढच्या खात्यात पळण्याआधी थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या 'चक्षू' सोयीवर तो नंबर कळवा. संचार साथीवरच तुमच्या नावावर किती सिम कार्डे चालू आहेत तेही पाहता येते. पाहाच. तुमच्या कागदांवर दुसऱ्याने सिम घेतलेले असेल तर ते तिथेच कळेल. आणि संयोजकांनाही कळवा, म्हणजे यादीतल्या बाकीच्यांना ते सावध करतील. असा निरोप आला, तर संयोजकांनो, संस्थेचे नाव खराब होईल म्हणून तो दाबू नका. त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगा. तुम्ही दोन तास उशीर केलात तर त्या दोन तासांत आणखी एका घरात तोच फोन वाजेल.

तुमच्यापैकी कोणी वाईट हेतूने माहिती गोळा करत नाही, हे मी धरूनच चाललो आहे. फॉर्म मागच्या वर्षीचा, रकाने त्याच्याही मागच्या वर्षीचे. कोणी थांबून पाहिलेच नाही. आता पाहा. तुमच्याकडे जुनी यादी असेल तर या रविवारच्या आत पुसा. नवा फॉर्म उघडणार असाल तर उघडण्याआधी निम्मे रकाने काढा. फॉर्म भरणार असाल तर भरण्याआधी संयोजकांना फोन करा आणि विचारा, माझी माहिती कोण पाहणार आणि कधी पुसणार? आजच विचारा.